फ्रीझरखालचं बेट

चाचा कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खिशातून लिंबू काढून जमिनीवर ठेवायचे. लिंबू जागेवर थांबलं तर "बरा हाय" म्हणून बसायचे. घरंगळलं तर ते जाऊन थांबेल तिथपर्यंत त्याच्या मागे जायचे, वाकून उचलायचे आणि यजमानाला तोंडावर सांगायचे, "तुजी ही बाजू बसलीय. दोन बोटं." मग चहा मागायचे.

यातून कुणाचीही सुटका नव्हती. इथल्या आम्हा मराठी नोकरदारांतल्या एकाने बायकोमुलांना मस्कतला आणलं, नवा फ्लॅट भाड्याने घेतला आणि सत्यनारायणाच्या प्रसादाला सगळ्यांना बोलावलं. चाचाही आले, पांढराशुभ्र सदरा घालून, अत्तर लावून. लिंबू ठेवलं ते थेट चौरंगाखाली गेलं. पूजा सांगणारा आमचाच एक अकाउंटंट होता, तो संकल्प सोडता सोडता थांबला. चाचा चौरंगाखाली हात घालून म्हणाले, "तुमचा चालू द्या, माझा झाला." त्या घरच्या बाईने पुढे वर्षभर पाहुण्यांना सांगितलं की आमचा फ्लॅट एका बोटाने कलता आहे, पण देवाकडे कलता आहे.

मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते मस्कतजवळच्या अल मवालेहच्या भाजीबाजाराजवळच्या कोल्ड स्टोअरमध्ये. मी संगमेश्वरकडचा, आयटीआय केलेला रेफ्रिजरेशन टेक्निशियन, दोन वर्षांच्या करारावर नुकताच उतरलेला. बाहेर एवढं ऊन की गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसावा. आणि फ्रीझरच्या दाराबाहेर लाकडी टेबलामागे एक साठीचा माणूस लोकरीची कानटोपी घालून बसलेला. आत किती खोकी गेली, बाहेर किती आली, आतलं तापमान किती, हे वहीत लिहिणं हे त्यांचं काम. ते गेली कित्येक वर्षं तेच करत होते. मी नमस्कार केला. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "थंडी बगितलीस कदी?"

मी म्हटलं, महाबळेश्वरला गेलोय.

ते इतकं हसले की कानटोपी काढून डोळे पुसावे लागले. माझा चांगलाच पाणउतारा झाला. मला तेव्हा वाटलं, म्हातारा डोक्याने जरा सटकलेला दिसतोय. नंतर कळलं की त्यांनी खरोखरची थंडी पाहिली होती.

चाचा मूळचे श्रीवर्धनचे. तरुणपणी जहाजावर खलाशी होते. त्यातल्या दोन उन्हाळ्यांत त्यांना उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटावर उतरवलं होतं, जमिनीची मोजणी करणाऱ्या साहेबलोकांबरोबर. छोटी होडी चालवायची आणि सगळ्यांचं जेवण बनवायचं, एवढंच त्यांचं काम. बेटाचं नाव त्यांनी कधी सांगितलं नाही. आपल्या गावाचं नाव जसं आपण गावात घेत नाही, 'गावात' एवढंच म्हणतो, तसं ते 'बेटावर' म्हणायचे. उरलेलं आयुष्य मुंबई, दुबई, मस्कत असं कुठेकुठे गेलं, त्याबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत आटपायचे. त्या दोन उन्हाळ्यांबद्दल मात्र मी सात वर्षं ऐकत होतो आणि ते संपलं नाही.

घरी त्यांनी एसी लावला नाही. मे महिन्यात दार उघडं टाकून पंख्याखाली बसायचे, घामाच्या धारा लागलेल्या. "थंडी नोकरीची," म्हणायचे. "घरात कशाला?"

शुक्रवारी सुटी. सकाळी आम्ही त्यांच्या जुन्या पिकअपमधून बरका या किनाऱ्यावरच्या गावाच्या मासळीबाजारात जायचो. सुरमईचा भाव करताना ते आणि कोळी एकमेकांना अरबीत काय काय म्हणायचे ते मला कधी कळलं नाही, पण शेवटी दोघेही हसत. मासळी बर्फाच्या पेटीत टाकली की मला वाटायचं आता घरी जायचं. तर चाचा किनाऱ्यावर चालायला लागायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चप्पल हातात धरून, पाण्याकडे न बघता. बघायचे ते वाळूकडे आणि गोट्यांकडे.

"ही रेघ बग," ते म्हणायचे. "हितपर्यंत समुद्र रोज येतो. ही दुसरी रेघ, हितं तुफानात आला होता. शिंपले मोठे हायत बग, बारीक पाणी हे उचलत नाय."

मला काडीचा रस नव्हता. उन्हात मासळी खराब होईल एवढीच माझी काळजी. पण त्यांनी बोलायला सुरुवात केली की मध्येच थांबवणं जमत नसे. बेटावर म्हणे किनारे एकावर एक असतात. आपल्याकडे डोंगराला भाताची खाचरं असतात ना पायरीपायरीने, तसे. सगळ्यात खाली आजचा किनारा, त्याच्या वर गोट्यांची एक पायरी, तिच्या वर आणखी एक. आणि अगदी वरच्या पायरीवर, समुद्रापासून इतक्या लांब की हाक मारली तर ऐकू जाणार नाही, तिथे देवमाशाची हाडं पडलेली.

"मासा चालत वर गेला काय?" मी विचारलं. मला वाटलं, मी विनोद केला.

"मासा नाय, जमीन वर गेली. आधी बर्फ होता तिच्यावर, डोंगराएवढा. ती दबली होती. बर्फ गेला. ओझं उतरल्यावर जमीन पण वर येते." मग जरा थांबून, "पण एका दिवसात नाय."

हे शेवटचं वाक्य त्यांचं ठेवणीतलं होतं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा व्हिसा अडकला, कुणाचा बाप गेला, तरी ते पाठीवर हात ठेवून हेच म्हणायचे. ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही, पण बरं वाटायचं.

आता घमेल्याबद्दल सांगतो. दोन नंबरच्या फ्रीझरच्या दारामागे कोपऱ्यात एक निळं प्लॅस्टिकचं घमेलं असायचं. त्यात ओल्या मातीचा गारा आणि त्या गाऱ्यात तळाशी पुरलेले गोटे. माती त्यांनी डोंगराकडच्या कोरड्या ओढ्यातून, म्हणजे इथल्या भाषेत वादीतून, पिशवीत भरून आणलेली, पिठासारखी बारीक. रोज संध्याकाळी घरी जाताना चाचा घमेलं आत ठेवायचे, सकाळी आल्यावर बाहेर काढून उन्हात ठेवायचे. रात्रभर माती गोठायची, दिवसा वितळायची. वाळली तर वरून पाणी शिंपायचे. तीनचार महिने काहीच दिसलं नाही. मग एक दिवस मातीतून एका गोट्याचं टाळकं वर आलं. मग दुसऱ्याचं. कोणी हात लावला नव्हता.

"बेटावर असे गोटे वर येतात आणि गोल करून बसतात," चाचा सांगायचे. "तुना वाटेल कोणी माणसानं मांडलेत. माणूस नाय तितं. थंडीनं मांडलेत." हे सांगताना त्यांचा चेहरा नातवाचं कौतुक सांगणाऱ्या माणसासारखा व्हायचा.

या घमेल्यावरून आणि लिंबावरून एकदा मोठंच प्रकरण झालं. शिवराम म्हणून आमचा एक हमाल होता, लांज्याचा. त्याला एका सकाळी फ्रीझरमध्ये जमिनीवर गोठून दगड झालेलं लिंबू सापडलं, शेजारी मातीचं घमेलं, त्यात गोटे. तो जो बाहेर पडला तो आत जाईना. "कोणीतरी करणी केलीय," म्हणाला. त्याचं ऐकून आणखी चौघे बाहेर बसले. कोंबडीच्या खोक्यांचा ट्रक उन्हात उभा. शेवटी चाचांनी सगळ्यांसमोर ते उन्हात मऊ झालेलं लिंबू सुरीने कापलं, सोड्यात पिळलं आणि पिऊन टाकलं. "बग शिवराम, मेलो काय?" शिवराम म्हणाला, उद्या सकाळी बघू. दुसऱ्या दिवशी चाचा जिवंत दिसल्यावर तो कामाला लागला.

मी तेव्हा खूप हसलो होतो. शिकलेला ना मी. करणीबिरणीवर माझा विश्वास नव्हता, पण त्याच फ्रीझरखाली मी स्वतः काय करून ठेवलं होतं ते मला माहीत नव्हतं. म्हणजे, माहीत होतं आणि नव्हतं.

ते असं. मी आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात आमचं इलेक्ट्रिक पॅनेल सारखं ट्रिप व्हायचं. दुपारी लोड वाढला की खटकन सगळं बंद. अर्बाब, म्हणजे आमचा ओमानी मालक, भला माणूस पण तापट, तो येऊन माझ्या डोक्यावर उभा राहायचा. मी एकेक ब्रेकर तपासत गेलो तर एकावर चिकटपट्टी, अक्षरं पुसट झालेली: फ्लोअर हीटर. दोन नंबरच्या फ्रीझरच्या जमिनीखाली तापवायच्या तारा टाकलेल्या होत्या आणि त्या रात्रंदिवस चालू होत्या.

मी कपाळाला हात लावला. या देशात? जिथे नळाचं थंड पाणी चहाला चालेल, तिथे जमीन गरम करायला वीज जाळतात? कुणीतरी उंटावरच्या शहाण्याने थंड देशातला नकाशा जसाच्या तसा इथे उतरवला असणार. मी ब्रेकर खाली पाडला. पॅनेल ट्रिप व्हायचं थांबलं. अर्बाबने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, "ये लडका अच्छा है." कशाने थांबलं ते त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. हुशार म्हणून माझं नाव झालं, आणि ते नाव मी तीन वर्षं मिरवलं.

चौथ्या वर्षी, रमजानला दोन-अडीच महिने असताना, दोन नंबरचं दार अडकायला लागलं. मी बिजागरी सैल केली. आठवड्याने परत अडकलं. दाराखालची पट्टी घासून काढली. मग आतल्या जमिनीला, मधल्या वाटेत, केसाएवढी चीर दिसली. दुरुस्तीचा ठेकेदार येऊन म्हणाला, काँक्रीट खराब आहे, वरून सिमेंटचा मसाला भरू. भरला. पंधरा दिवसांत मसाल्यालाच चीर गेली.

त्या दिवशी चाचा वही मिटून आत आले. मधल्या वाटेत चिरेजवळ त्यांनी लिंबू ठेवलं. लिंबू डावीकडे गेलं. उचलून एक हात पुढे ठेवलं. उजवीकडे गेलं. मग साठी ओलांडलेला तो माणूस उणे वीसमध्ये जमिनीवर आडवा झाला आणि गाल फरशीला टेकवून एका डोळ्याने बघत राहिला. मी म्हटलं, चाचा, उठा, न्यूमोनिया होईल.

उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मला अनोळखी असं काहीतरी होतं.

"हितं टेकडी होतेय," ते म्हणाले. "बेटावर अशीच होते. खालचा पाणी गोठतो, बर्फ फुगतो, जमीन वर उचलतो. पोटात बर्फ असलेली टेकडी. मी तिच्यावर उबा राहिलोय." मग फ्रीझरच्या भिंतीकडे बघून, "पलीकडं भाजी धुतात, तो पाणी जिरतो हिकडं. थंडी तर हायच. पण वरची थंडी खाली उतरू नये म्हणून काय तरी केलेला असणार ना? खाली ऊब कुठनं मिळते हिला?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत."

किती सहज निघालं तोंडातून. पण माझी पाचावर धारण बसली होती. कारण मी वर बघत होतो. फ्रीझरमध्ये दोन्ही बाजूंना छतापर्यंत लोखंडी रॅक होते. त्यातला डावीकडचा वाटेकडे झुकला होता. फार नाही, पण एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना. आणि त्या दोन रॅकच्या मधून दिवसभर फोर्कलिफ्ट घेऊन जायचा तो जोसेफ, केरळचा, तीन मुलींचा बाप, काम करताना शीळ घालणारा. पुढच्या शनिवारपासून रमजानचा माल येणार होता. गोठवलेल्या मांसाची खोकी छताला लागेपर्यंत रचली जाणार होती.

दोन दिवस मी गप्प राहिलो. हे लिहायला मला आजही लाज वाटते, पण राहिलो. पहिल्या दिवशी सगळे घरी गेल्यावर हळूच ब्रेकर वर केला. पॅनेल लगेच ट्रिप झालं. परत खाली पाडला. सांगावं तर नोकरी जाणार, व्हिसा जाणार, गावी बापाच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटत होती ती 'अच्छा लडका' हे नाव जाण्याची. मी मनाची समजूत घालत होतो की ठेकेदार बघेल, इंजिनियर येईल, कुणीतरी शोधून काढेल. जोसेफची शीळ ऐकू आली की मी कंप्रेसरच्या खोलीत जाऊन बसायचो, तिथे काही ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांनी मला मागच्या सावलीत चहाला बोलावलं. दोन कागदी कप. त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं आता विचारणार. त्यांनी काही विचारलं नाही. ते बेटाबद्दल बोलायला लागले, पण नेहमीसारखे नाही.

"आमचा खोपटा होता लाकडाचा. तितं जमीन वीतभर खाली कायमची गोठलेली. वर ठोकळे ठेवून त्याच्यावर खोपटा. मोठा साहेब मना बोलला होता, गरम पाणी खोपट्याजवळ ओतायचा नाय, लांब नेऊन टाक. पण वारा असा, की बाहेर दहा पावलं जायला जिवावर येतं. मी रोज भांडी धुतली की दारातनंच बाजूला ओतून द्यायचो. कोण बगतंय?"

चहा त्यांनी घेतला नव्हता. मीही नाही.

"महिन्याभरानं तो कोपरा बसला. खालचा बर्फ गेला, चिखल झाला. दुपारची वेळ, चूल घसरली, उकळता पाणी एका माणसाच्या पायावर. सगळे बोलले, सुतारानं ठोकळे नीट बसवले नाय. सुतार म्हातारा माणूस. त्याची भाषा मना येत नव्हती, माझी त्याला. त्यानं ठोकळे परत परत मोजून दाखवले. साहेबानं ऐकला नाय. पुढच्या जहाजानं त्याला काढून लावला." चाचा कानटोपीची लोकर बोटांनी चुरत होते. "जहाजापर्यंत त्याला कोणी सोडला? मीच. होडी माझीच ना. त्याची हत्यारांची पेटी पण मीच उचलली. शिडीवर चढताना त्यानं माझा हात धरला. शुक्रिया बोलला असेल."



"त्याचं नाव काय होतं, चाचा?"

"हाय लक्षात," ते म्हणाले. "माझ्या तोंडाला येत नाय."

तेव्हा मला लिंबाचा अर्थ लागला. तीस-पस्तीस वर्षं हा माणूस लोकांच्या घरी जाऊन जमीन तपासत होता आणि आम्ही सगळे हसत होतो. मी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. ब्रेकर, चिकटपट्टी, तीन वर्षं, परवाचं खोटं, सगळं. ते म्हणाले, "अर्बाब हाय ऑफिसात. मी बाजूला उबा राहीन. पण बोलणार तू."

"आत्ता?"

"जोसेफ आत्ता आत हाय ना?"

आधी आम्ही जोसेफला बाहेर बोलावलं. मग अर्बाबकडे गेलो. तो कहावा, म्हणजे इथली कॉफी, पीत होता, समोर खजुराची थाळी. चाचांनी सवयीने खिशातून लिंबू काढलं, खाली बघितलं, गालिचा होता. गालिच्यावर काय कळणार, म्हणून त्यांनी वाकून गालिच्याचा कोपरा वर केला आणि उघड्या फरशीवर लिंबू ठेवलं. अर्बाब हे वर्षानुवर्षं बघत आला होता. "ठीक है?" त्याने विचारलं. "ठीक है," चाचा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. अर्बाबचा कप हवेतच राहिला.

"कितना टाइम बंद?"

"तीन साल."

"किसने बोला बंद करो?"

"किसीने नहीं. मैंने किया. मुझे लगा, इधर इतना गर्मी है."

तो चाचांकडे वळला. "तुम पकडा इसको?"

"नहीं अर्बाब," चाचा म्हणाले. "इसने खुद बोला."

अर्बाब उठला आणि अरबीत पाच मिनिटं बोलला. कशाकशाला उद्देशून ते नीट कळलं नाही, पण बराचसा भाग माझ्या वाट्याचा होता. मग हात पुढे केला. "चाबी." मी पॅनेलची किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. "जिस दिन फर्श नीचे आएगा, उस दिन चाबी वापस. इन्शाल्ला. अब यल्ला, माल निकालो."

त्या संध्याकाळी दोन नंबर रिकामा केला. शिवरामसकट सगळ्यांनी हाताने खोकी उतरवली, फोर्कलिफ्ट आत न नेता. रॅक मोकळा झाल्यावर त्याच्या पायांकडे बॅटरी मारली. चार बोल्टपैकी दोन तुटून बाजूला पडले होते, तिसरा वाकला होता. जोसेफने एक तुटका बोल्ट उचलला, हातात फिरवून बघितला आणि खिशात टाकला. पुढे तो त्याच्या फोर्कलिफ्टवर, मेरीमातेच्या चित्राशेजारी, तारेने बांधलेला असायचा. मला तो काही बोलला नाही. आठवड्याने डब्यातून आणलेल्या केळ्याच्या वेफर्समधले मूठभर माझ्यापुढे धरले, तेव्हा मला कळलं की आमचं मिटलं.

ठेकेदाराचं म्हणणं होतं, हीटर पूर्ण जोरात लावू, गरम पाणी सोडू, पंधरा दिवसांत खलास. चाचा दारात आडवे उभे राहिले. "बर्फ एकदम गेला तर तो पाणी जाणार कुठं? आता दगड हाय, मग पेज होईल. अख्खी जमीन खाली बसेल." ठेकेदार हसला, वहीवाला म्हातारा मला शिकवणार म्हणून. अर्बाबने सोहारहून एक इंजिनियर बोलावला. त्याने सगळं पाहिलं, मोजलं, आणि चाचांनी सांगितलं तेच इंग्रजीत लिहून दिलं. आधी भाजी धुण्याच्या पाण्याला वेगळी वाट काढली. तारांमध्ये एका जागी पाणी शिरलं होतं, ती जागा बदलली. मग दार उघडं ठेवून, अगदी मंद आचेवर, जमीन उबवायला सुरुवात केली.

रोज सकाळी चाचा वही उघडायच्या आधी आत जाऊन लिंबू ठेवायचे. मी मागे उभा. पहिले दोन महिने काही फरक नाही. मी हताश व्हायचो. "एका दिवसात नाय," ते म्हणायचे. माझ्याकडे किल्ली नव्हती, पॅनेल उघडायला दुसऱ्या टेक्निशियनला विनवावं लागायचं, तो प्रत्येक वेळी बोलून दाखवायचा. पण एक सांगतो, त्या दिवसांत मला झोप लागायची. तीन वर्षं हुशार असताना ती इतकी शांत लागली नव्हती.

पुढच्या रमजानच्या थोडं आधी एका सकाळी लिंबू मधल्या वाटेत ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. चाचांनी ते उचललं नाही. आम्ही दोघे बघत उभे राहिलो. मग अर्बाबला बोलावून आणलं. त्याने लिंबू बघितलं, खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात न देता चाचांच्या हातात दिली. चाचांनी मला दिली.

दोन वर्षांनी ते कायमचे श्रीवर्धनला गेले. गुडघे थकले होते. सामान फार नव्हतं. जाताना घमेलं माझ्याकडे ठेवून गेले. तोवर त्यातले गोटे सगळे वर आले होते आणि कडेकडेला सरकून ओबडधोबड का होईना, पण गोल करून बसले होते. मी ते गाडीच्या मागच्या सीटवर, पट्टा लावून, घरी नेलं.

माणसाला आयुष्यात शिकवणारे पुष्कळ भेटतात. माझ्या हातून होऊ घातलेलं एक पाप ज्याने थांबवलं, तेही बोट न दाखवता, स्वतःची जखम उघडी करून, असा मला एकच भेटला. मी त्यांचं काही फेडू शकलो नाही. त्यांना तशी अपेक्षाही नव्हती.

आता बाजार मवालेहहून बरक्याच्या बाजूला हललाय आणि मीही. अर्बाबचंच नवीन कोल्ड स्टोअर, मोठं, चार फ्रीझर. मेंटेनन्सची सगळी जबाबदारी माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी पॅनेल उघडलं तर फ्लोअर हीटरच्या ब्रेकरवर छापील चिठ्ठी होती, लहान अक्षरांत, इंग्रजीत. मी पुठ्ठा घेतला आणि मार्करने हिंदी, इंग्रजी, मल्याळम, अरबी आणि खाली मराठीत लिहिलं. अरबी अर्बाबच्या मुलाकडून लिहून घेतलं, मल्याळम जोसेफकडून. "हा बंद करू नका. जमीन गोठते. मी एकदा बंद केला होता." खाली माझी सही, पूर्ण नावाची.

जोसेफने ते वाचलं आणि विचारलं, नाव कशाला? मी म्हटलं, असू दे.

संध्याकाळी श्रीवर्धनला फोन लावला. चाचांना हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे मी ओरडून, एकेक शब्द सोडून, पुठ्ठ्यावरचा मजकूर वाचून दाखवला. सहीसुद्धा.

मग चाचांनी एक नाव घेतलं. परकं, लांबलचक, त्यांच्या श्रीवर्धनी जिभेवर अडखळणारं. एकदा घेतलं, थांबले, आणि पुन्हा एकदा नीट घेतलं.

"त्याचं नाव," ते म्हणाले. "सुताराचं."

पलीकडे त्यांनी घसा साफ केला, आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "नव्या जागी लिंबू ठेवलास?"

"ठेवलं, चाचा," मी म्हटलं. "जागेवर आहे."